फुटायच्या आधीची लाट

अकोल्याच्या माणसानं समुद्रावर लिहावं म्हणजे दादरच्या माणसानं संत्र्याच्या मृग बहारावर लिहिण्यासारखं आहे. आमच्या स्टेशनवरून मुंबईची गाडी पकडली तर समुद्र जवळपास सहाशे किलोमीटरवर, अमरावतीकरांना त्याहून थोडा जास्त. गंमत म्हणजे समुद्र नसूनही आमच्याकडे पाणी खारंच! पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. तिथे विहीर खणली की मीठ लागतं. एवढाच काय तो आमचा आणि सागराचा संबंध.

तर मागच्या हिवाळ्यात मी ऑफिसातून पाच दिवसांची रजा टाकली आणि गोव्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला गेलो. घरी फोन केला तर आईचा पहिला प्रश्न, "कायले चालला बाप्पा त्या समुद्रात? इथं का पाणी नाही का?" आता ज्या गावात नळ कधीकधी आठवड्यातून एकदा यायचा, त्या गावातून हा प्रश्न यावा, यावर मी काय बोलणार!

पहिले तीन दिवस मस्त गेले. नवशिक्याला आधी फुटून गेलेल्या लाटेत, म्हणजे फेसात ठेवतात. तुम्ही बोर्डावर पालथे पडायचं, मागून शिकवणारा ढकलतो, फेस तुम्हाला उचलून किनाऱ्याकडे नेतो आणि तुम्ही गडबडीत उभे राहता. तिसऱ्या दिवशी मी सात-आठ वेळा सलग उभा राहिलो. एकदम वाटलं, आलं की राव आपल्याला! लगेच दोन फोटो घरच्या ग्रुपवर गेले.

चौथ्या दिवशी शिकवणारा पोरगा म्हणाला, "आता चल बाहेर, हिरव्या पाण्यात." बाहेर म्हणजे जिथे लाट अजून फुटलेली नाही, नुसता पाण्याचा एक लांबलचक फुगवटा सरकत येतोय, तिथे. ढकलायला कुणी नाही. लाट आपणच निवडायची, वळायचं, हातांनी वल्हवायचं आणि तिच्या वेगात मिसळून जायचं. मी मोजलं (सवय आहे, काय करणार): एकूण एकोणीस प्रयत्न. पकडलेल्या लाटा: शून्य. बारा वेळा लाट माझ्या खालून निघून गेली, जशी काही मी तिथे नव्हतोच. सात वेळा बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि मी तोंडावर आपटलो.

त्या संध्याकाळी खांदे इतके दुखत होते की चहाचा कपही दोन हातांनी धरला. अशा वेळी काही लोक देवाचं नाव घेतात, मी इतिहास वाचतो. ही लाट पकडायची कला माणसाला आली कशी, कुणी कुणाला शिकवली, हे शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

आधी थोडं गणित

इंजिनीअर असल्यामुळे आकडे आल्याशिवाय मला झोप येत नाही. खोल समुद्रात दहा सेकंदांच्या अंतरानं येणारी लाट ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगानं पळते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की ती मंदावते, दीड मीटर खोलीवर साधारण ताशी १४ किलोमीटरवर येते. मागचं पाणी पुढच्यावर चढतं, लाट उंच आणि उभी होते. उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊण पटीच्या वर गेली की माथा पुढे कोसळतो. यालाच आपण लाट फुटली म्हणतो.

नवशिका हातांनी वल्हवून ताशी चार-पाच किलोमीटर जाईल फार तर. मग १४ ची लाट तो पकडणार कशी? उरलेला वेग उतार देतो. लाटेचा चेहरा पुरेसा उभा झाला की बोर्ड घसरगुंडीसारखा खाली सुटतो. पण उतार पुरेसा होणं आणि लाट फुटणं यांच्यामध्ये दोन-तीन सेकंद असतात. त्याआधी गेलात तर लाट खालून जाते. नंतर गेलात तर कड्यावरून पडता. माझे बारा आणि सात, दोन्हींचा हिशेब लागला!

आणि ही लाट येते कुठून? आपल्याला वाटतं, तिथल्या वाऱ्यानं होत असेल. काही होतात तशा. पण लांब, सावकाश येणाऱ्या लाटांचा जन्म कुठेतरी फार दूर झालेला असतो. वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञानं दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्याबरोबर तयार केली. पुढे १९५० च्या दशकात त्यानं मेक्सिकोजवळच्या ग्वादालूप बेटावर लाटा मोजल्या, तेव्हा दिसलं की त्यातल्या काही थेट हिंदी महासागरातल्या वादळांपासून आल्या होत्या, म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही दक्षिण महासागरातल्या वादळांची लाट पोचते. साडेसहा हजार किलोमीटर, जवळजवळ आठवडाभराचा प्रवास. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला मी दोन सेकंदांनी चुकवत होतो.

ताहितीतला तो एक माणूस

आता मुख्य गोष्ट. १७७७ साली कॅप्टन कुकची जहाजं तिसऱ्या सफरीत ताहिती बेटावर थांबली होती. जहाजाचा डॉक्टर विल्यम अँडरसन मातावाई उपसागराच्या काठानं फिरायला निघाला. किनाऱ्यावर गोऱ्यांचे तंबू, समोर मोठाली जहाजं, बघ्यांची ही गर्दी. आणि एक माणूस या सगळ्याकडे ढुंकूनही न बघता छोट्या होडीत बसून इकडेतिकडे जोरात वल्हवतोय. अँडरसनला आधी वाटलं, हा काहीतरी चोरून पळतोय!

मग तो थांबून बघत बसला. होडीवाला किनाऱ्यापासून दूर, लाट जिथे उठायला लागते तिथपर्यंत गेला. तिची पहिली हालचाल त्यानं नीट न्याहाळली. मग तिच्यापुढे झपाझप वल्हवलं, लाटेत आपल्याला वाहून न्यायचं बळ आलंय आणि ती खालून निसटणार नाही, असं वाटेपर्यंत. आणि मग वल्हं थांबवून स्वस्थ बसला. लाट त्याला थेट वाळूवर घेऊन आली. त्यानं होडीतलं पाणी उपसलं आणि पुढच्या लाटेच्या शोधात निघाला. अँडरसननं नोंदवलंय की या माणसाला नुसतं समुद्रानं असं सुळकन वाहून नेण्यात परमसुख मिळत असणार.

हे वाचून मी अंथरुणात उठून बसलो. अहो, मला दिवसभर जे सांगत होते ते सगळं यात आहे! कुठे बसायचं, काय बघायचं, कधी जोर लावायचा, कधी थांबायचं. अडीचशे वर्षांपूर्वीचं इतकं स्वच्छ डॉक्युमेंटेशन मी आमच्या कंपनीतही पाहिलेलं नाही. :)

त्याआधी १७६९ मध्ये जोसेफ बँक्सनंही ताहितीत लोकांना जुन्या होडीच्या तुकड्यावर लाटांत खेळताना पाहिलं होतं. १७७९ मध्ये लेफ्टनंट जेम्स किंगनं हवाईतल्या केआलाकेकुआ उपसागरातल्या फळीवरच्या स्वारांचं वर्णन लिहिलं. त्याच किनाऱ्यावर त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला कुक मारला गेला. अँडरसन तर त्याआधीच, १७७८ मध्ये, क्षयानं वारला होता. सफरीचा वृत्तांत १७८४ मध्ये लंडनमध्ये छापून आला आणि युरोपात भरपूर वाचला गेला.

मग इंग्लंडातली पोरं दुसऱ्या दिवशी फळ्या घेऊन समुद्रात उतरली का? अजिबात नाही. पुढची शंभर वर्षं कुणी फारसं हललंही नाही. मॅन्युअल हातात होतं, पण शिकवणारं माणूस हवाईत होतं.

जवळजवळ पुसून गेलेली विद्या

हवाईत या खेळाला 'हेए नालू' म्हणतात. सरदार आणि सामान्य, बायका आणि पुरुष, सगळे खेळायचे. लहान 'पाइपो', मध्यम 'अलाइआ' आणि सरदारांच्या लांबलचक 'ओलो' फळ्या. कोआ आणि विलीविली झाडांचं लाकूड वापरायचे.

पण जहाजांबरोबर रोगही आले. कुक आला तेव्हा हवाईची लोकसंख्या किती होती यावर इतिहासकारांत वाद आहे, अंदाज दोन लाखांपासून आठ लाखांपर्यंत जातात. १८९० च्या जनगणनेत मूळ हवाईयन (मिश्र धरून) सुमारे चाळीस हजार उरले होते. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना कमी कपड्यांतले हे खेळ पसंत नव्हतेच, वर ऊसमळ्यांचं अर्थकारण आलं, १८९३ मध्ये राणीचं राज्य उलथवलं गेलं, १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली. मिशनऱ्यांनी खेळ बंद पाडला, असं एका वाक्यात सांगायची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. खेळायला माणसंच उरली नाहीत आणि उरलेल्यांना मोकळा वेळ उरला नाही, हे जास्त खरं आहे. तरी खेळ पूर्ण मेला नाही. वाइकीकीसारख्या किनाऱ्यांवर लोक खेळत राहिले.

आणि जेव्हा ही विद्या बाहेर गेली, तेव्हा दर वेळी कुणीतरी हवाईयन माणूस ती सोबत घेऊन गेला. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझला रेडवुडच्या फळ्या करून लाटा पकडल्या. त्यांतले दोघे, कावानानाकोआ आणि कुहिओ, पुढे इंग्लंडमध्ये शिकायला होते. १८९० मध्ये त्यांनी ब्रिडलिंग्टनच्या थंडगार समुद्रात हा खेळ केला. म्हणजे वर्णन छापून आल्यावर तब्बल १०६ वर्षांनी!

पाहुण्यांचे हाल मात्र माझ्यासारखेच. मार्क ट्वेननं १८६६ मध्ये हवाईत प्रयत्न केला. फळी किनाऱ्यावर पोचली आणि हा तळाशी. 'रफिंग इट' या पुस्तकात त्यानं ते लिहून ठेवलंय, आणि हे फक्त स्थानिकांनाच जमतं असा निष्कर्ष काढून मोकळा झालाय. १९०७ मध्ये जॅक लंडन वाइकीकीला गेला. त्याला अलेक्झांडर ह्यूम फोर्ड आणि जॉर्ज फ्रीथ यांनी धडे दिले. लंडन उन्हानं असा भाजला की अंथरुणाला खिळला, पण त्याच्या लेखामुळे खेळ अमेरिकेत गाजला. फ्रीथच्या आईकडून हवाईयन रक्त होतं. तो त्याच वर्षी कॅलिफोर्नियात गेला, तिथे लाटांवरची स्वारी आणि बुडणाऱ्यांना वाचवणं असं दोन्ही शिकवलं, आणि १९१९ च्या फ्लूच्या साथीत गेला.

मग आला ड्यूक कहानामोकू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवणारा हवाईयन. १९१४ च्या डिसेंबरात तो सिडनीला गेला, तिथल्याच लाकडाची फळी करून घेतली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना लाट पकडून दाखवली. १९१५ च्या सुरुवातीला त्यानं इझाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या फळीवर घेतलं. पहिल्या काही लाटांना ती घाबरून नको नको म्हणत होती. शेवटी त्यानं मानगूट धरून तिला उभं केलं, असं ती पुढे सांगायची. तीच बाई नंतर हजारो मुलांना पोहायला शिकवणारी नामांकित शिक्षिका झाली. ड्यूकची ती फळी अजून फ्रेशवॉटरच्या क्लबात जपून ठेवलीय.

आपल्याकडे काय होतं?

हे सगळं वाचताना वाटतं की आपला याच्याशी काय संबंध. तर आहे! मद्रासला बंदरच नव्हतं. जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि मधल्या खवळलेल्या लाटांतून माणसं आणि माल आणायचं काम 'मसुला' होड्या करायच्या. या होड्यांना खिळा नसायचा. फळ्या काथ्यानं शिवलेल्या, म्हणजे आपटल्या तरी लवतील, मोडणार नाहीत. आणि सोबत कोळ्यांची 'कट्टुमरम्', बांधलेले ओंडके. इंग्रजीतला कॅटामरान याच तमिळ शब्दावरून आला. लाटांच्या रांगा मोजत थांबायचं, नेमक्या लाटेआधी वल्ही मारायची आणि तिच्यावर स्वार होऊन वाळूवर यायचं, हे तिथले लोक पोटासाठी रोज करत होते. १८७० च्या दशकात बंदराचं बांधकाम सुरू झालं, ते उभं राहिलं आणि मसुलावाल्यांची गरज संपली. त्यांच्या कौशल्याला खेळ म्हणून कुणी पाहिलं नाही.

भारतात सर्फिंग खेळ म्हणून रुजलं ते अलीकडे. २००४ मध्ये जॅक हेबनर या अमेरिकन स्वामीच्या आश्रमानं कर्नाटकात मुळकीला क्लब सुरू केला. चेन्नईजवळच्या कोवळममध्ये मूर्ती मेघवन या कोळ्यानं गावातल्या पोरांना शिकवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळनं ब्राँझ मिळवलं, भारताचं या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक. आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला सर्फिंग पहिल्यांदा आलं तेव्हा महिलांचं सुवर्ण मूळ हवाईयन वंशाच्या करिसा मूरनं नेलं. ड्यूकला हे हवं होतं, तो जाऊन अर्धशतक उलटलं होतं.

पूर्णेचा डोह

त्या रात्री सगळ्यात जास्त डोक्यात राहिलं ते १९१४ साल. ड्यूक सिडनीत फळी तासत होता त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, म्हणजे आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिकडे कबड्डीसारखे भारतीय खेळ करून दाखवले होते. अंगातली विद्या अंगातूनच पुढे जाते, पुस्तकात ठेवून भागत नाही, त्यासाठी उस्ताद आणि आखाडा लागतो, हे त्यांना कळलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शिकवणीला एक छप्पर मिळालं आणि ती टिकली.

आमच्या घरची विद्या नाही टिकली. माझे आबा पूर्णाकाठच्या गावचे. कमरेला दोन वाळलेले दुधी भोपळे बांधून त्यांच्या काकांनी त्यांना डोहात ढकललं होतं. ते पुराच्या पाण्यात आडवे पोहायचे. पूर आला की पाण्याशी भांडायचं नाही, त्याच्या ओढीच्या जरा पुढं राहायचं, असं सांगायचे. पण बाबा शिकायला अकोल्याला आले, मग नोकरी, मग क्वार्टर. डोहही उन्हाळ्यात आटायला लागला. बाबांना पोहता येत नाही. मी लहानपणी हट्ट केला की एकच उत्तर, "पाण्यात नाही जायचं, बस." त्यात राग नसायचा, भीती असायची. ज्याला स्वतःला येत नाही तो पोराला कुठल्या भरवशावर पाण्यात सोडेल?

हवाईत विद्या तुटायला रोगराई आणि परकी सत्ता लागली. आमच्याकडे एक बदली आणि एक आटलेला डोह पुरला. मी पोहायला शिकलो ते पुण्यात नोकरी लागल्यावर, चोविसाव्या वर्षी, महिन्याची फी भरून. आबा तोपर्यंत गेले होते. पुराच्या ओढीच्या पुढं म्हणजे नेमकं किती पुढं, हे विचारायचं राहूनच गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी शेवटचा तास होता. मी वीस मिनिटं एकही लाट घेतली नाही, नुसता बघत बसलो, ताहितीच्या त्या होडीवाल्यासारखा. लाट कुठे वाकायला लागते, कुठे फुटते. शिकवणारा पोरगा शेजारी येऊन बसला. "कालपासून तू लाट दिसली की वल्हवतोस. ती तुला उचलायला लागेपर्यंत थांबायचं नाय, पण आधीच दमायचं पण नाय." मग एक बेताची, कमरेएवढी लाट आली. वळलो. सहा-सात हात मारले. मागून बोर्डाची शेपटी उचलली गेल्यासारखं वाटलं. काल नेमका इथेच मी थांबत होतो. "अजून दोन मार!" तो ओरडला. मारले. आणि हात थांबवायच्या आधीच आवाज बदलला, बोर्डाखालून पाणी सळसळायला लागलं आणि मी घसरत होतो. कुणी ढकललं नव्हतं.

उभा राहिलो का? राहिलो, तीनेक सेकंद. मग पडलो. नाकातोंडात खारं पाणी, अगदी आमच्या गावच्या विहिरीसारखं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आईनं बहुतेक सगळं सांगून ठेवलं होतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग ते म्हणाले, "आबा असते तर लय खूश झाले असते." मी म्हटलं, दिवाळीत घरी आलो की तुम्हाला स्विमिंग टँकवर घेऊन जातो. कमरेएवढ्याच पाण्यात. मी धरून ठेवीन.

ते नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ होकार असतो.